ॲनीला विचारायचं होतं

"बस आता. तोंड बघ कसं लाल झालंय," कमळी म्हणाली आणि डोक्यावरची पाटी खडकावर ठेवून स्वतःच आधी बसली.

क्लारा बसली नाही. एका हातानं उजवा गुडघा दाबत ती वर जाणाऱ्या पायवाटेकडे बघत राहिली. विरारचा जीवदानीचा डोंगर अजून अर्धाही चढून झाला नव्हता. गास गावच्या सपाट वाडीत, केळी आणि पानवेलींच्या मधल्या पाटांत तिचा सगळा जन्म गेला होता. पन्नाशी उलटेपर्यंत घराच्या पायरीपेक्षा उंच काही चढायची वेळच आली नव्हती.

"तिथला डोंगर याच्यापेक्षा मोठा असंल?" तिनं विचारलं.

"मना काय ठावं? मी अर्नाळ्याची. आमच्याकडे वाळू."

कमळी वर्षानुवर्षं गासला मासळी घेऊन यायची, ती क्लाराच्या ओटीवर पाणी पिऊन पुढं जायची. दर मंगळवारी ती देवीला जाते हे क्लाराला माहीत होतं. या पावसाळ्यानंतर एके दिवशी क्लारा तिला म्हणाली, "मलापन घेऊन चल. देवीला नाय, डोंगराला."

कारण ॲनी डोंगरावर होती. तिकडे दूर, पूर्वेच्या समुद्रावर, विशाखापट्टणला. तिथं टेकडीवर सिस्टरांचा मठ होता, मठाचा दवाखाना होता आणि वर गाडी जात नव्हती. भेटीला येणाऱ्यांनी चढून यावं, असं मठानं कळवलं होतं.

ॲनी लहानपणी विषमज्वरानं बिछान्याला खिळली होती. डॉक्टरनं आशा सोडली, तेव्हा तिच्या बापानं, सॅन्टननं, चर्चमध्ये गुडघे टेकून देवाला सांगितलं होतं, पोर वाचली तर तुझीच. पोर वाचली. वयात आल्यावर सॅन्टननं शब्द पाळला. ट्रंक भरली, फादरांनी आशीर्वाद दिला, गाव स्टेशनपर्यंत गेलं. सिस्टर झाल्यावर तिचं नावही बदललं, आलोशियस. मठाच्या नियमानं सिस्टर घरी यायची नाही. बाप अंथरुणाला लागला तेव्हा भावानं, बेनेडिक्टनं, बहिणीला तार केली. उत्तर आलं, आम्ही सर्वजणी प्रार्थना करीत आहोत.

सॅन्टन गेला. त्याच्यासाठी महिन्यानं चर्चमध्ये झालेल्या मिस्सानंतर, पाहुणे जेवून गेल्यावर, क्लारा मुलाला म्हणाली होती, "मी ॲनीकडे जाते."

"तुला काय कळवायचंय ते सांग, मी पत्र लिहितो," बेनेडिक्ट म्हणाला.

"पत्र आधी मठाची मोठी मदर वाचते."

"मग वाचू दे की. असं काय लिहायचंय?"

क्लारा उष्टी ताटं उचलायला लागली होती. त्याचं उत्तर तिनं आज, इतक्या दिवसांनी, खडकाशी उभं राहून कमळीला दिलं.

"पोरीला कोनी विचारलं नव्हतं, कमळे. बाप बोलला, फादर बोलले. मी ट्रंकेत कपडे घालत होते. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी वर बघितलं नाय."

कमळी उठली. तिनं चुंबळ आणि तिच्यावर पाटी डोक्यावर ठेवली. "चल. ऊन वाढतंय."

गावात बोलणं झालंच. सॅन्टनची विधवा मंगळवारी जीवदानीला जाते, हे सुनेला, लुसीला, विहिरीवर ऐकावं लागलं. मग फादरांनीही क्लाराला थांबवून विचारलं.

"देवीच्या देवळात नाय जात फादर. दारातून मागं फिरते," क्लारा म्हणाली. "ॲनीच्या मठाला चढ हाय. इकडं दुसरा डोंगर कुठं हाय मला चढायला?"

फादरांनी मान हलवली आणि गुडघ्याला कुठलं तेल लावतेस, असं विचारलं.

बेनेडिक्ट मात्र चिडला. मुंबईला रेल्वेच्या कचेरीत तो कारकून होता. सुट्टीच्या एका दिवशी तो आईला आणायला म्हणून डोंगराच्या पायथ्याशी गेला. वर पाहिलं तर आईचं चौकड्याचं लुगडं बरंच वर पोचलेलं. त्यानं हाक मारली, ती ऐकू गेली नाही. मग तोही चढू लागला. वर पोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. क्लारानं त्याला आपल्या शेजारी बसवलं, पदरानं वारा घातला.

"तिकडं भाषा वेगळी, आय," दम परत आल्यावर तो म्हणाला. "खाणं वेगळं. रायपूरला गाडी बदलायची. दोन-दोन रात्री बसून काढायच्या."

"काढीन."

"एकटी?"

"तू नाय आलास तर एकटी."

त्यानं खाली पाहिलं. गावं, मिठागरं, पलीकडे समुद्राची पट्टी. मग म्हणाला, "रजेचा अर्ज टाकतो. रेल्वेचा पास काढावा लागेल."

नाताळ झाल्यावर मायलेक निघाली. लुसीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. रायपूरच्या फलाटावर क्लारा आपल्या वळकटीवर बसून राहिली आणि हमालाशी गासच्या बोलीत बोलली. त्यानं बरोबर गाडी दाखवली. विशाखापट्टणच्या वॉल्टेर स्टेशनवर उतरून ती मठाच्या टेकडीपाशी आली, तेव्हा बेनेडिक्टनं तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवला.

मधे दोनदा थांबून ती चढली.

मठाच्या फाटकावरच्या बाईला ॲनी ठाऊक नव्हती. बेनेडिक्टनं सिस्टर आलोशियस म्हटलं, तेव्हा तिनं आत निरोप दिला. आत फक्त आईला नेलं. भेटीच्या खोलीत एक म्हातारी गोरी सिस्टर जपमाळ घेऊन बसली होती. नियमच तसा होता. ॲनी आली. पांढऱ्या वस्त्रात ती उंच वाटत होती. डोळ्यांखाली सॅन्टनसारखीच काळी छटा होती. क्लारानं तिचे हात हातात घेतले. ते खरखरीत होते, औषधाचा वास येत होता.

बापाचं सगळं सांगून झालं. मग क्लारानं गोऱ्या सिस्टरकडे पाहिलं. आपली बोली तिला कळणार नाही, याची खात्री होती.

"ॲने, तेव्हा मी वर बघितलं नाय. आता विचारते. घरी यायचं हाय तुला? बाप गेला, त्याचा शब्द त्याच्यासंगती गेला. बेनेडिक्टला मी बघून घेईन, गावालापन."

गोऱ्या सिस्टरची माळ थांबली, पुन्हा सुरू झाली.

"पहिल्यांदा रोज वाट बघायची मी," ॲनी म्हणाली. "कोनी फाटकावर आलं की वाटायचं आय आली. तेव्हा आली असतीस तर मी निघाले असते. चपला नाय शोधल्या असत्या."

क्लारानं हात सोडले नाहीत.

"मग मला दवाखान्यात घातलं. माणसं मला ओळखायला लागली. शेवटच्या, कायमच्या व्रताच्या वेळी बिशपनी विचारलं, स्वखुशीनं राहतेस का. मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं, आय."

"म्हंजे तुला विचारलं कोनीतरी."

"विचारलं."

"बरं झालं," क्लारा म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं झालं."

घंटा वाजली. ॲनी उठली. तिनं वाकून आईच्या कपाळाला ओठ लावले आणि ती भराभर निघून गेली.

फाटकाकडे जाताना वाट दवाखान्याच्या ओसरीवरून होती. तिथं बाकावर रोगी बसले होते. ॲनी एका म्हाताऱ्याच्या पायापुढे जमिनीवर बसून त्याची जखम धूत होती आणि त्याला तेलुगूत रागावत होती. पट्टी सोडून फिरला असावा. क्लाराला एकही शब्द कळला नाही. पण तो आवाज कसा चढतो, मधेच कसा थांबतो आणि शेवटी कसा एकदम मऊ होतो, ते तिला ठाऊक होतं. घरात पोरं लहान असताना ती स्वतः अशीच रागवायची. म्हातारा मान खाली घालून हसत होता.

"हाक मारू तिला?" ओसरीबाहेर थांबलेल्या बेनेडिक्टनं विचारलं.

"नको. कामात हाय ती."

म्हाताऱ्याची पट्टी बांधून होईपर्यंत क्लारा तिथंच उभी राहिली. मग तिनं पदर खोचला आणि उताराला लागली.