हिरव्या पानाची किटली

“पान जरा मोठं करा. लांबून दिसलं पाहिजे,” जाहिरातीचं काम बघणारे साहेब म्हणाले. टेबलावरच्या विजेच्या किटलीवर, ती पर्यावरणाला जपणारी असल्याची खूण म्हणून, हिरवंगार पान छापलेलं होतं.

किटलीचं डिझाइन तिचं होतं. तिने किटली उचलून उलटी केली. तळ गुळगुळीत होता.

“इथले स्क्रू कुठे गेले?”

“काढले. तळ चिकटवूनच टाकतो आता. काम झटपट होतं.”

“आणि आतला स्विच जळाला तर?”

“तर नवी घेतील! कंपनीने काय उपाशी मरायचं?”

टेबलाभोवती हशा पिकला.

घरगुती वस्तूंचं डिझाइन करणं हे तिचं काम. आपली वस्तू कुणालाही उघडता यावी, बिघडलेला तेवढाच भाग बदलता यावा, हा तिचा हट्ट. म्हणून कंपनीत तिला सगळे ‘स्क्रूबाई’ म्हणत. या किटलीची मूठ म्हाताऱ्या मनगटांना जड होऊ नये म्हणून तिने मातीच्या कितीतरी मुठी वळल्या आणि मोडल्या होत्या.

“मग हे पान कशाला?” तिने विचारलं.

“झाकण जुनं प्लास्टिक वितळवून केलंय ना! तेवढं पुरे.”

ती मोठ्या साहेबांपर्यंत जाऊन भांडली. पालथ्या घड्यावर पाणी. किटली बाजारात आली आणि हातोहात खपली.

वर्ष उलटायच्या आत ती परत आलेल्या मालाच्या गोदामात गेली. दारातच जळक्या प्लास्टिकचा वास घशाशी आला. किटल्यांचा ढीग छताला टेकला होता. नव्याकोऱ्या दिसत होत्या, प्रत्येकीवर पान. एक कामगार बाई त्या दोन-दोन उचलून यंत्रात टाकत होती. कडकड आवाज व्हायचा आणि खालून चुरा पडायचा.

“सगळ्यांचे स्विचच गेलेत?” तिने विचारलं.

“असतील. उघडतच नाहीत, तर बघणार कसं, ताई?” बाई तोंडावरचा रुमाल सावरत म्हणाली. “नुसता धडाका चाललाय. आणा आणि चिरडा.”

चुऱ्यात किटलीची एक मूठ अख्खी राहिली होती. ती तिने उचलली आणि तशीच मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने ती दूर सारली. “हे काय आणलंत? शी! काय वास मारतोय.”

“मारणारच. आपलाच आहे.”

“बरं, ते राहू द्या. आपल्या किटलीला पर्यावरणाचा पुरस्कार मिळालाय! घ्यायला तुम्हीच जा. डिझाइन तुमचं, आणि बाईमाणूस स्टेजवर शोभून दिसतं.”

त्यांच्या गुळगुळीत दाढीकडे, अत्तर मारलेल्या गळ्याकडे बघून तिला शिसारी आली.

“मला स्टेजवर ओकारी होईल, साहेब,” ती म्हणाली. त्याच दुपारी तिने नोकरी सोडली.

पुरस्कार जाहिरातवाल्या साहेबांनी घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा हसरा फोटो होता, हातात किटली.

घरी तो फोटो बघायला सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला. “अगं, ही तुझ्या कंपनीची ना? तूच केलेली?”

ती कांदे घेऊन बसली होती. क्षणभर तिची सुरी थांबली.

“नाही, आई. मी नाही केली.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पेपर उघडून तिच्यासमोर जमिनीवर पसरला, फोटो वर ठेवून. ती कांदे सोलत राहिली आणि सालं त्यावर पडत राहिली.