फक्कीच्या घराचं दार

आर्किटेक्ट शेफालीचं स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम. वेल्ह्याच्या बाजूला धरणाच्या पाण्याकाठी पुण्याच्या इंद्रजित देशमाने साहेबांना निसर्गाशी जुळवून घेणारं घर हवं होतं. पोरीने जीव ओतला. जांभळीसाठी स्वयंपाकघर वाकवलं, खडकासाठी न्हाणीघर सरकवलं, वारा बघून खिडक्या काढल्या. विंझरहून फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, गोणी आणून अख्खं घर जमिनीवर पांढऱ्या रेघांनी आखलं. रविवारी साहेब येऊन बघणार, आणि पसंत पडलं तरच काम तिचं.

एवढा सगळा निसर्ग विचारात घेतला, पण म्हशींना विचारायचं राहून गेलं. शेजारच्या वाडीतल्या चंद्राबाईंच्या सात म्हशी रोज चार वाजता पाण्यावर जायच्या, त्या थेट निजायच्या खोलीतून. गुरुवारी त्यांनी घर पुसलं. शुक्रवारी तिने पुन्हा आखलं, त्यांनी पुन्हा पुसलं.

"मावशी, दुसरीकडून न्या ना!"

"अगं, माज्या सासूपासनं हीच वाट हाय. म्हशीला काय सांगू?"

शेफाली रडकुंडीला आली. "मग निदान दारातून तरी न्या!" असं म्हणून तिने रेघा तिसऱ्यांदा आखल्या आणि वैतागून पुण्याला निघून गेली.

असलं बोलणं कुणी मनावर घेतं का? चंद्राबाईंनी घेतलं. लोकाच्या घरात भिंतीतून शिरणं त्यांनाही बरं दिसेना. शनिवारी दिवसभर हातात ओला चारा धरून त्यांनी म्हशींना शिकवलं: दारातून आत, बैठकीतून सरळ, पडवीतून पाण्यात.

रविवारी साहेब येऊन बैठकीत उभे राहिले. कपाळाला आठ्या. "दार चुकीच्या जागी वाटतंय," म्हणाले. तेवढ्यात चार वाजले.

सातही म्हशी एकामागे एक दारातून आत आल्या. एकीचाही खूर रेघेला लागला नाही. साहेब मात्र घाबरून निजायच्या खोलीच्या भिंतीतून पळत सुटले. बुटाने हातभर रेघ पुसली.

"अवो पावणं!" चंद्राबाई कडाडल्या. "भिंतीतनं कुटं निघालाय? म्हशीला कळतंय, दार तिकडं हाय!"

साहेब जाम ओशाळले. वळसा घालून दारातून आत आले आणि शेवटच्या म्हशीच्या मागे रांगेत लागून पडवीत पोचले. समोर अख्खं पाणी पसरलं होतं. त्यांनी मागे वळून सरळ रेषेतल्या दाराकडे पाहिलं.

"दार आहे तिथंच राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "फक्त जरा रुंद करा."