रंगरावची जागा

“आई, तिकिटावरचं नाव नाही बदलत म्हणून राह्यले इमानवाले,” बंगळुरूहून रुपाली फोनवर सांगत होती आणि इकडे संग्रामपूरच्या बाजारात एक गिऱ्हाईक रुख्मिणीसमोर बसून वांगी दाबून-दाबून पाहत होतं.

“दाबू नका वो दादा. वांगे हायेत ते, मोटारीचा हारन नाही,” तिनं त्याला दम भरला आणि फोन कानाला घट्ट लावला. “काऊन नाही बदलत?”

“पॉइंटचं तिकीट हाये ना आई. बाबाच्या नावानं काढलं, तर बाबाच बसू शकतात.”

“बाबा असते तर मी तुले कायले सांगतलं असतं बदलाले?”

 रुख्मिणीला आपण जरा जास्तच टोचून बोललो असं वाटलं, पण बोललेलं परत घ्यायची तिला सवय नव्हती.

रुपालीला कंपनीच्या कामानं सारखं विमानानं फिरावं लागे. दर खेपेला विमानवाले तिच्या खात्यावर काही पॉइंट टाकत आणि ते पुरेसे साठले की एक तिकीट फुकट मिळे. गेल्या उन्हाळ्यात तिनं ही भानगड बापाला समजावून सांगितली, तेव्हा रंगराव हसत सुटले होते. “म्हंजे दगदग तुह्यी अन् इमान माह्यं?” दिवाळीनंतरचं नागपूर ते बंगळुरू तिकीट निघालं, खिडकीजवळची जागासुद्धा धरली गेली. त्या दिवसापासून रंगरावांनी बाजारात कोणाला सुखानं भाजी घेऊ दिली नाही. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात ठेवत ते सांगायचे, “दिवाळीनंतर सांबार दुसऱ्याकडून घ्या बरं. मी इमानात राहीन.” आणि श्रावणात वांग्याच्या वाफ्यात खाली वाकले ते उठलेच नाहीत.

सव्वा महिना झाल्यावर रुख्मिणी टोपली घेऊन बाजारात आली, तर निंबाखालच्या त्यांच्या जागेवर तिचा दीर भागवत पोतं अंथरून बसलेला. चुलीला चूल लागून, बांधाला बांध लागून, एवढा जवळचा माणूस, आणि तरी त्याला नेमकी हीच जागा हवी होती.  रुख्मिणीनं त्याचं पोतं उचललं, झटकलं, नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिलं. मग आपलं अंथरलं. रंगराव पोत्यावर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकून बसायचे, तसा त्यांचाच दुपट्टा टाकून ती बसली. सारी ओळ बघत होती. शेजारी कांदा-लसूण विकणारा म्हातारा जानराव तेवढा बोलला, “बरोबर हाये. रंगरावची जागा, तिथं रंगरावची बाई बसन.”

त्या बाजाराची रीतच तशी होती. माणूस गेला की त्याची बायको त्याच्या जागेवर बसायची आणि जागेला नाव मात्र त्याचंच राहायचं. दोन जागा पलीकडे अजून ‘पुंजाजीची जागा’ होती. पुंजाजीला पाहिलेला माणूस आता बाजारात शोधून सापडला नसता. म्हणून रुख्मिणीनं विमानाचंही तसंच धरलं. खिडकीजवळची ती जागा रंगरावांची होती, म्हणजे आता तिची झाली. त्यांचंच तिकीट घेऊन जायचं, त्यांच्या जागेवर बसायचं. पोरीनं आधारकार्ड बघतात म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे ती नाव बदलायला राजी झाली. आता तेही होत नाही म्हणतात.

“कोण म्हणते नाही होत? दे त्याले फोन, मी बोलतो,” ती म्हणाली.

“आई, ते कॉल सेंटर हाये.”

“असू दे ना. माणूसच बसलं असन ना तिथं?”

रुपालीनं आपल्याच फोनवर कॉल सेंटर जोडून दिलं. रुख्मिणीनं आवाज मोठा केला. जानरावनं आपलं ओरडणं थांबवलं आणि ओळीतल्या बाकीच्यांनाही गप्प बसवलं. पलीकडून एका पोरीचा गोड आवाज आला. पॉइंटवर काढलेल्या तिकिटावरचा प्रवासी बदलता येत नाही, हे तिनं हिंदीत, अगदी अदबीनं सांगितलं.

“बेटा, मेरा आदमी गुजर गया,” रुख्मिणी म्हणाली. “हमारे बाजार में आदमी की जगा औरत बैठती. कोई कुछ नहीं बोलता.”

 तशी ती पोरगी जरा हळू बोलली. वाईट वाटलं म्हणाली. एकच मार्ग आहे म्हणाली. हे तिकीट रद्द करायचं, पॉइंट खात्यात परत येतील, मग तुमच्या नावानं नवं काढायचं. पण मधल्या वेळात पॉइंटवरची ती जागा दुसऱ्या कोणी घेतली, तर तिचा इलाज चालणार नाही.

हे मात्र रुख्मिणीला समजावून सांगावं लागलं नाही. पोतं उचललं की जागा उघडी पडते आणि उघड्या जागेवर कोण येऊन बसेल याचा नेम नाही. शिवाय रद्द करायचं म्हणजे रंगरावांचं नाव आपल्या तोंडानं पुसायला सांगायचं. रेशनकार्डावरून पुसलं, बँकेतून पुसलं, तेव्हा ती अंगठ्याला शाई लावून मुकाट बसली होती. हे एक नाव पुसलं गेलं नव्हतं. माणूस मातीत गेला, तरी विमानात त्याची जागा शाबूत होती. 

तेवढ्यात मागून भागवत बोलला. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे.

“रद्द करू द्या वयनी. वर्षसराध झाल्याबिगर बाईनं गावाची वेस ओलांडू नाही. लोक काय म्हणतीन? पॉइंट वापस येऊन राह्यले ना, तर मी जाऊन येतो. पोरीकडं घरातलं कोणी जाले पायजे.”

रुख्मिणी बसल्या जागी त्याच्याकडे वळली.

“भागवतभाऊ, दर बाजाराले मी आपल्या गावाहून इथं येतो, तवा कोणती वेस ओलांडतो? भाजी इकाले वेस आडवी येत नाही अन् इमानात बसाले येते?”

“तसं नाही वयनी…”

“तसंच हाये. पह्यलं हे पोतं पाह्यजे होतं तुमाले, आता ते खिडकी पाह्यजे. माह्या नवऱ्याच्या जागा मोकळ्या नाही झाल्या, समजलं? मी हाव अजून.”

कोणीतरी फिसकन हसलं. भागवत आपली टोपली उचलून निघाला आणि जाता जाता ‘जमाना बिघडला’ की काय ते पुटपुटला. रुख्मिणीनं फोन तोंडाजवळ घेतला.

“बेटा, करो रद्द. तुरंत नया निकालो. रुपाली, तू हायेस ना? हो म्हण तिले.”

“हो म्हटलं आई.”

मग फोनवर वाजंत्री सुरू झाली. गिऱ्हाईक वांगी घेऊन तसंच बसलं होतं, त्याला पैसे द्यायचंही भान नव्हतं. जानराव हातातला कांदा नुसता सोलत बसला. रुख्मिणीनं दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं होतं. ती वाजंत्री काही केल्या संपेना.

“मॅडम, सीट मिल गई. वही खिडकी वाली. पूरा नाम बताइए?”

“रुख्मिणी रंगराव अढाव.”

“रुख्मिणी अढाव लिख दूँ? बीच का नाम छोड़ सकते हैं, मॅडम.”

“छोडना नहीं,” रुख्मिणी एवढ्या जोरात म्हणाली की पलीकडच्या ओळीतली माणसंही वळून बघायला लागली. “पूरा लिखो. रंगराव. आधारकार्ड पर है.”

“लिख दिया, मॅडम.”

फोन ठेवल्यावर ती पदर तोंडाला लावून रडली, भर बाजारात, कोणाची पर्वा न करता. मग गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले आणि वर दोन वांगी जास्त टाकली.

निघायच्या आधीच्या बाजारी तिनं आपलं पोतं जानरावच्या हवाली केलं. “मी नसतो तवा अंथरून ठेवजा,” म्हणाली. जानराव म्हणाला, “कोणी बसून तर पाहो.” शेगावला नागपूरची गाडी धरली, तेव्हा अख्ख्या ओळीनं दिलेल्या चिवड्या-चकल्यांनी तिची पिशवी फुगली होती.

विमानात खिडकीजवळच्या जागेशी येऊन ती थांबली. मागची माणसं खोळंबली. तिनं पिशवीतून रंगरावांचा दुपट्टा काढला, झटकला, त्या निळ्या जागेवर अंथरला आणि हातानं सुरकुत्या सारख्या केल्या.

“आंटी, सीट साफ है,” विमानातली पोरगी हसून म्हणाली.

“मालूम है,” रुख्मिणी म्हणाली आणि बसली. पट्टा लावून घेतला. विमान हललं, तसं तिनं दुपट्ट्याची दोन्ही टोकं ओढून मांडीखाली घट्ट दाबली आणि खिडकीकडे तोंड केलं.