उकळलेली नळी

यवतमाळच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आर्णीकडच्या एका बाभळीखालच्या मातीत मला एक जिवाणू सापडला. त्याचं एन्झाइम गॅलिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं, असा शोधनिबंध मी दिवाळीनंतर छापला. नळीतले बुडबुडे मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत असे.

एमएस्सीची विद्यार्थिनी समीक्षा जानेवारीत तोच प्रयोग पुन्हा करत होती. एका दुपारी ती म्हणाली, "मॅडम, एन्झाइम उकळून घेतलं, तरी गॅस येऊन राह्यला."

उकळल्यावर एन्झाइम निकामी होतं. तरी गॅस येत असेल, तर तो एन्झाइमचा नाहीच. मला ते तिथल्या तिथे कळलं. तुलनेसाठी उकळलेल्या एन्झाइमची नळी लावायची असते, ती मी कधी लावलीच नव्हती. निबंधात मात्र 'लावली, गॅस आला नाही' असं लिहून मोकळी झाले होते.

"तुझ्या हाताला सफाई नाही," मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले आणि तिच्याकडून तो प्रकल्प काढून घेतला. ती मान खाली घालून नळ्या धूत राहिली. पुढच्या सोमवारपासून आलीच नाही.

पंधरा दिवस मी तिच्या रिकाम्या स्टुलाकडे बघणं टाळलं. मग एका सकाळी, कुणी यायच्या आत, ती उकळलेली नळी लावली. फसफसून फेस आला. एन्झाइमला मानवावं म्हणून द्रावणात मीच सोडा घातला होता. त्यात आम्ल पडलं की गॅस निघणारच.

विभागप्रमुख चंद्रशेखर सरांना मी सगळं सांगितलं, निबंध मागे घेतला आणि रविवारी समीक्षाच्या गावी, आर्णीला गेले. समीक्षा अंगणात तूर पाखडत होती.

"तुझं बरोबर होतं. मी खोटं लिहिलं होतं, आणि दोष तुझ्यावर ढकलला."

तिनं सूप खाली ठेवलं. "मले नका सांगू. बाबाले सांगा. मी त्यायले म्हटलं, माझ्याच हातून बिघडलं."

तिचे वडील किसनराव खाटेवर बसले होते. त्यांच्यासमोर मी पुन्हा सगळं सांगितलं. एन्झाइम, आम्ल, सोडा, हे सारं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पोरीची चूक नव्हती?"

"नाही. माझी होती."

"तुम्हाले हे तवाच माहीत होतं?"

"हो."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं, मॅडम?"

आतून मैनाबाई, तिची आई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो हातात घेताना मला वर बघवेना.