सख्खी मावशी

नव्या माशांची पिशवी तिने टाकीच्या पाण्यावर अलगद सोडली आणि लगेच स्टूल ओढून बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आजकाल जरा वाकून उठलं की असं व्हायचं. महिन्यातले निम्मे दिवस रक्त जात होतं, अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि ती जागेपणीही अर्धवट झोपेत असल्यासारखी वावरत होती. मत्स्यालयात ते खपून जायचं. तिथे सगळंच निळसर, संथ आणि तरंगतं. त्यात एक बाई आणखी तरंगली तर कुणाच्या लक्षात येतंय?

घरात तिला मासोळी म्हणत. लहानपणी आंघोळीच्या टबातून ती काही केल्या बाहेर यायची नाही, म्हणून मावशीने ठेवलेलं नाव. पुढे ती खरंच मासे सांभाळायच्या नोकरीला लागली तेव्हा मावशी म्हणाली होती, "बघ, माझ्या जिभेवर तीळ आहे."

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. पण मासोळीत ती शिल्लक आहे, असं सगळे म्हणत. हसताना मान डावीकडे टाकायची, कप धरताना करंगळी उभी, आणि राग आला की भांडायचं सोडून गुपचूप कपाट आवरायला घ्यायचं. अगदी कार्बन कॉपी. लहानपणी मासोळी या कौतुकाने फुशारून जायची. मावशी गेली आणि त्याच कौतुकाची तिला धास्ती वाटू लागली. हे साम्य करंगळीवरच थांबलं असेल कशावरून?

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

"गाठी खूप वाढल्यात. गर्भाशय काढावं लागेल, त्यात प्रश्न नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "प्रश्न आहे अंडाशयांचा. ती तशी चांगली आहेत. एरवी या वयात मी ठेवा म्हणाले असते. घरात कुणाला कर्करोग?"

"मावशीला. अंडाशयाचाच."

"सख्खी मावशी?"

"सख्खी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग काढलेली बरी, असं माझं मत पडेल. रक्ताची एक तपासणी असते. पण तुमच्या मावशीची ती कधी झाली नाही, त्यामुळे तुमची चांगली आली तरी मी पूर्ण निर्धास्त होणार नाही. आणि काढली, तर पाळी जाताना जे हळूहळू व्हायचं ते एकदम अंगावर येईल. झोप, हाडं, हृदय, सगळ्यावर परिणाम होतो. औषधं आहेत. तरी नीट विचार करा."

"म्हणजे टाकीतलं सगळं पाणी एका झटक्यात बदलल्यासारखं," मासोळी म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. शेजारच्या खुर्चीवर आई बसली होती. तिने सबंध वेळ तोंडातून अक्षर काढलं नाही. नुसता पर्सचा खटका उघडत होती आणि लावत होती.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." दोन शर्टांतला एक निवडताना घाम फुटणारा माणूस तो, त्याच्याकडून याहून जास्त काय अपेक्षा करायची? त्याने तिचा हात मात्र हातात घेतला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता.

आणि दुपारी डुलकी लागली की मावशी यायची. मोठ्या टाकीच्या तळाशी, वाळूवरून सावकाश चालत. केस वर तरंगत असायचे, मासे तिला वाट द्यायचे. काचेला नाक लावून ती म्हणायची, "उतर की आत. पाणी गार नाहीये." मासोळी एक पाय आत घालायची आणि जागी व्हायची. मावशी बोलावतेय की धीर देतेय, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

आज आई डबा घेऊन मत्स्यालयात आली होती. टाक्यांच्या मागच्या अरुंद बोळात एक बादली उपडी घालून ती बसली आणि पाण्यावर डुलणाऱ्या पिशवीकडे बघू लागली.

"सोड की त्यांना एकदाचं. पिशवीत का कोंबून ठेवलंस?"

"एकदम सोडले तर मरतात, आई. आधी पिशवी नुसती तरंगत ठेवायची. मग थोडं थोडं टाकीतलं पाणी आत घालत राहायचं. शेवटी कुठलं पाणी आपलं आणि कुठलं परकं, हे त्यांनाच कळेनासं होतं."

"आणि मग?"

"मग पिशवी आडवी करायची. आपले आपण बाहेर येतात."

मासोळीने वाटीभर पाणी पिशवीत ओतलं. चंदेरी मासे दचकून एका कोपऱ्यात गोळा झाले आणि हळूहळू परत पांगले. आई टक लावून बघत होती.

"मी अंडाशयंही काढून टाकायचं ठरवलंय," मासोळी म्हणाली. "उगाच विषाची परीक्षा नको. उद्या डॉक्टरांना कळवते."

पर्सचा खटका वाजता वाजता थांबला.

"नको काढूस."

"आई, मावशीचे हाल तू डोळ्यांनी बघितलेस."

"बघितलेत." आई पिशवीवरची नजर न हलवता म्हणाली, "बूट काढायची नाही ती."

"कोण?"

"तुझी मावशी. आमच्याकडे आली तेव्हा. तीन-चार वर्षांची असेल. समोरच्या घरात राहायची. आईबाप अपघातात गेले, मागे ही एकटी. तुझ्या आजीने कडेवर घेतली आणि घरी आणली. पायात लाल बूट. झोपतानासुद्धा काढू द्यायची नाही, घरी जायचंय म्हणायची. आजी म्हणाली, राहू देत. मी तिच्या शेजारी झोपायचे, झोपेत ते बूट माझ्या पोटऱ्यांना लागायचे. मग एकदा सकाळी उठून बघते तर दारात माझ्या चपलांशेजारी तिचे बूट. तिनेच काढून ठेवलेले. त्या दिवशी आजीने आम्हा दोघींना समोर बसवलं. म्हणाली, आजपासून तुम्ही सख्ख्या. हा विषय या घरात परत निघायचा नाही. पुढे आम्ही ते गाव सोडलं. विषय निघाला नाही."

पंपाची घरघर चालू होती. मासोळी हातातली वाटी तशीच धरून उभी होती. जगातल्या बायका नुसतं 'माझी बहीण' म्हणतात. आई मात्र भाजीवाल्यालासुद्धा 'माझी सख्खी बहीण' असं सांगायची. इतकी वर्षं ऐकूनही ते कधी कानाला खटकलं नव्हतं.

"मग त्या दिवशी डॉक्टरांपुढे का नाही बोललीस?"

"जीभ रेटेना." आईचा आवाज चिरकला. "जाताना माझा हात धरून म्हणाली होती, मासोळीला सांगू नकोस. तिला वाटतं ती माझ्यावर गेलीय. वाटू दे. मी हो म्हणाले होते गं. आठवडाभर मनातल्या मनात म्हणून बघतेय, ती माझी सख्खी नव्हती. दर वेळी वाटतं, मीच तिला घराबाहेर काढतेय."

मासोळीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडलाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, तिने पोटभर श्वास घेतला. आणि त्याच श्वासाची तिला लाज वाटली. मावशी आपली नव्हती हे ऐकून आपल्याला बरं वाटावं? तिला रडू आलं. वाटीभोवतीची करंगळी नेहमीसारखी उभी होती.

"मग ही कुणाची?" तिने हात पुढे करून विचारलं.

आईने डोळे पुसले आणि लहानपणी द्यायची तशी टपली दिली. "तिचीच. दिवसभर तिच्या कडेवरून उतरायची नाहीस. आणखी कुणाची असणार?"

मासोळीने पिशवी आडवी केली. मासे तोंडाशी येऊन जरा घुटमळले, मग एकेक करत टाकीत शिरले. दोघी डबा न उघडता बघत बसल्या.

ऑपरेशनच्या दिवसापर्यंत मावशी पुन्हा स्वप्नात आली नाही. मासोळी दुपारची मुद्दाम आडवी व्हायची, डोळे मिटायची, पण टाकी रिकामीच असायची. रुसली असेल, कुठेतरी गुपचूप कपाट आवरत बसली असेल, असं तिला वाटत राहिलं.

त्या सकाळी डॉक्टर तिच्या खाटेपाशी आल्या. खिडकीतून कोवळं ऊन आलं होतं आणि पांढरा पडदा पाण्यासारखा हलत होता.

"तर अंडाशयं ठेवायची, असा तुमचा निरोप मिळाला. पण मावशीच्या आजाराचं काय?"

"तिचं माझं रक्ताचं नातं नाही."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "तुम्ही तर सख्खी म्हणाला होतात."

मागे पर्सचा खटका एकदा वाजला. मासोळीने वळून बघितलं नाही.

"सख्खीच होती," ती म्हणाली. "फक्त रक्ताची नव्हती."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या आईकडे. "बरं," त्या जरा थांबून म्हणाल्या. "मग माझंही मत तेच. ठेवू या."

थोड्या वेळाने नर्सने इंजेक्शन दिलं. औषधाने अंग हलकं झालं होतं, तरी मासोळीने चालतच जायचा हट्ट धरला. नर्सने एका बाजूने धरलं, आईने दुसऱ्या. लांब निळसर बोळातून ती जवळजवळ तरंगतच निघाली. शेवटी एक मोठं दार होतं.

"चपला इथेच काढा," नर्स म्हणाली. "आत चालत नाहीत."

मासोळी थबकली. पायाची बोटं आपोआप घट्ट वळली. घरी जायचंय, असं अगदी ओठांवर आलं. तिने आईकडे बघितलं. आईने घाई केली नाही.

मग मासोळीने एक पाय मोकळा केला, मग दुसरा. फरशी वाटली होती तेवढी गार नव्हती.

"पिशवीत घालून ठेवा हो आजी, इकडेतिकडे होतील," नर्स म्हणाली.

आईने मान हलवली, पण पिशवी उघडली नाही. ती वाकली, लेकीच्या चपला तिने भिंतीशी सरळ लावल्या. मग स्वतःच्या काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि तशीच अनवाणी बाकावर जाऊन बसली.