पडले म्हणून सांगितलं

शनिवारी सकाळी हणमंत गुरुजी गॅलरीत बसून मटकीतले खडे निवडत होते. नांदेडहून दोन दिवसांसाठी आलेली त्यांची मुलगी मनस्विनी समोर चहा पीत होती. खाली कोचिंग क्लासच्या कोपऱ्यावर एकदम आरडाओरड झाली.

"काय चाललंय, बाबा?"

"राडा करून राहिलेत पोरं. काल एकाचं डोकं फुटलं, तर पेपरात 'किरकोळ बाचाबाची'. किरकोळ म्हणलं की कुणी खिडकी उघडत न्हाई."

"मग तुम्ही कशाला डोकावता?"

"मास्तरकीची खोड. तुझ्या आईनं लई औषध केलं तिच्यावर, न्हाई गेली."

संध्याकाळी ते दूध आणायला उतरले आणि भांडणाऱ्या दोन टोळक्यांच्या मधे शिरले. डोक्यात रॉड बसला. मनस्विनीनं ते गॅलरीतून पाहिलं. ती खाली पोचेपर्यंत शेजारच्या अजीजचाचांनी गुरुजींना आपल्या ऑटोत घातलं होतं.

मारामारी म्हटली की दवाखान्यात आधी पोलिसांचं बघा म्हणतात, अशी गल्लीतल्या सगळ्यांची समजूत. म्हणून चाचांनी दारातूनच ओरडून सांगितलं, "सर जिन्यावरून पडले!" उपचार लगेच सुरू झाले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मनस्विनीनंही मान हलवली. गुरुजी वाचले नाहीत. मग अंत्यविधीही त्याच शब्दावर उरकला.

सावडून आल्यावर माणसं दारात सतरंजीवर बसली. चौकात फलक लागला होता: 'अपघाती निधन'. तो लावणारे, क्लासच्या पोरांचं हॉस्टेल चालवणारे चन्नबसप्पा तिच्याजवळ सरकले.

"ताई, गुरुजी मलाबी बापासारखे. पण खून म्हणलं की आईबाप पोरं घेऊन जातील. अख्खी गल्ली त्या पोरांवर चालती."

कुठल्याशा संघटनेचा एक तरुण दुसऱ्या बाजूनं वाकला. "हल्ला म्हणा, ताई. आपल्या माणसावर हल्ला. आत्ता शंभर जण उभे करतो." मारणारे कोण, हे त्यानं विचारलंच नाही. तो अजीजचाचांकडे बघत होता.

मनस्विनीला काही कळेना. अपघात म्हटलं की कुणी येणार नाही. हल्ला म्हटलं की येतील, पण कुणाच्या दारात? किल्लारीच्या वेळी ती शाळेत होती. बाबा ढिगारे उपसायला गेले होते. तेव्हा शब्द शोधावा लागला नव्हता. भूकंप म्हटलं आणि कुठून कुठून ट्रक आले. तिनं एवढी पुस्तकं वाचली होती, पण येणाऱ्या प्रत्येक फोनला ती 'बाबा गेले' एवढंच सांगत होती.

अजीजचाचा उठून जवळ आले. "बेटा, पडले म्हणून मीच बोल्लो. जान वाचावी म्हणून. आता बदललं तर पोलीस पैलं मलाच विचारतील, हाव. तरी तुला खरं वाटंल ते बोल. माझी फिकीर करू नको."

ती उभी राहिली. चन्नबसप्पांनी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"बाबा पडले नाहीत," ती म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "क्लासच्या पोरांनी त्यांना रॉडनं मारलं. मी पाहिलंय, तोंडं ओळखते मी. चाचा बाबांना वाचवायला खोटं बोलले, आणि मी गप्प राहिले. माझ्या बाबांचा खून झालाय."