सेद्राकची डावी भुवई

माझ्या पाठीचा पारा आता जागोजागी उडाला आहे, मित्रांनो. माझ्यासमोर उभे राहाल तर गालावर नकाशासारखे डाग दिसतील. घाबरू नका, ते डाग माझे आहेत, तुमचे नव्हेत. मी भिंतीवरचा एक जुना आरसा. येरेवान शहरात कोंड नावाची चढणीवरची वस्ती आहे, तिथल्या एका बुटक्या घरात माझं सारं आयुष्य गेलं.

माझी काच कुठल्या भट्टीत ओतली गेली ते मला आठवत नाही. जन्माच्या वेळचं कुणाला आठवतं? चौकट मात्र आठवते. अरुसचे वडील सुतार. लेकीचं लग्न ठरलं तसं त्यांनी अक्रोडाचं लाकूड आणलं आणि माझ्याभोवती द्राक्षाची वेल कोरली. एक घोस अर्धाच राहिला, कारण तेवढ्यात वरात दाराशी आली. मग रुखवतातल्या गाद्या-उशांबरोबर दोघा माणसांनी मला खांद्यावर घेऊन ती चढण चढवली, आणि वाटेत अख्खी गल्ली माझ्यात वाकडीतिकडी होऊन नाचत राहिली.

अरुसचा नवरा सेद्राक तेरझ्यान. नाटकात लहानसहान कामं करायचा. अंगानं काडी, पण गळा असा की काय सांगू! तो गळा आजोबांकडून आलेला. आजोबा गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्र वाचायचे. बोलता बोलता गाऊ लागायचे, गाता गाता पुन्हा बोलू लागायचे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे कधी भरले ते त्याचं त्यालाही कळायचं नाही. पुढे देवधर्म न मानणारं सरकार आलं, ते देऊळ बंद झालं, त्यात धान्य साठवू लागले. नाटकातल्या माणसानं उघड्यावर देवाचं गाणं म्हणणं त्या दिवसांत बरं नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी सेद्राक खिडकी लावून घ्यायचा आणि माझ्यासमोर उभा राहून आजोबांची स्तोत्रं म्हणायचा. अरुस द्राक्षाच्या पानांत सारण भरत बसलेली असायची. तिचा हात थांबायचा. पान हातातच राहायचं. देवाचं नाव स्वच्छ गळ्यातून यावं आणि आपण ते ऐकायला तिथे असावं, याहून मोठं भाग्य मला तरी ठाऊक नाही.

एके दिवशी सिनेमाचे एक दिग्दर्शक घरी आले. जाडजूड गृहस्थ. कॉफीचा कप संपायच्या आत त्यांनी काम सांगितलं. खेड्यातला एक लग्नगवई. गातो जीव तोडून, पण तिसऱ्या ओळीला सूर कोसळतो.

"मला गाता येतं, साहेब," सेद्राक म्हणाला. "खरं गायलो तर?"

"खरं गाणारे माझ्याकडे रांगेनं उभे आहेत. खोटं गाणारा एक मिळत नाही! सूर लागला की माणूस गप्प होतो, सेद्राक. मला तिकिटाच्या खिडकीवर गप्प माणसं नकोत."

सेद्राकनं काम घेतलं. महिनाभर तो माझ्यासमोर उभा राहून बेसूर व्हायला शिकला. बेसूर होणं सोपं वाटतं ना? ज्याचा गळा खरा, त्याला ते मरणाचं कठीण. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. सूर कोसळण्याच्या अगदी आधी डावी भुवई वर चढवायची. उजवी जागच्या जागी, डावी एकटीच छपराकडे. मला ती आवडली, मी ती त्याला पुन्हा पुन्हा दाखवली. मित्रांनो, मी कबूल करतो, ती भुवई मीच शिकवली.

सिनेमा लागला आणि सगळा मुलूख वेडा झाला. बाजारात भाजीवाली पैसे घ्यायच्या आधी म्हणायची, "भुवई वर कर, मग तोलते!" लग्नांत लोक त्याला ओढून टेबलावर उभा करायचे. शेजारचा गालुस्त, जन्माचा टवाळ, आल्यागेल्याला माझ्यासमोर आणून सांगायचा, "हाच तो आरसा! यानं बघून बघून पाठ केलंय. आणा, याच्याही नावानं एक प्याला भरा!" मी फुगलो नाही असं नाही. त्या काळात अरुस मला रोज पुसायची.

पुढे अकरा सिनेमे झाले. कधी न्हावी, कधी टपालवाला, कधी नवरामुलगा. पण प्रत्येकात कुठेतरी गाणं, प्रत्येकात ती भुवई. एकदाच त्यानं दिग्दर्शकांना सुचवून पाहिलं की एका दृश्यात एक ओळ सुरात म्हणतो. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसरंच काही बोलू लागले. तेही चुकले असं मी म्हणणार नाही. लोकांना सेद्राक हवा होता, आणि त्यांच्या हाती हाच सेद्राक आला होता.

रविवारची स्तोत्रं कमी झाली, मग थांबली.

अरुस आजारी पडली त्या हिवाळ्यात तिनं पलंग माझ्यासमोर ओढून घेतला. "मी गेले ना, तर तूच गा," ती म्हणाली. "बाहेरचा कुणी आणू नकोस. आणि तुझ्या खऱ्या गळ्यानं गा हं. तो दुसरा लोकांचा आहे. हा माझा."

"काय बोलतेस, तुझं दुखणं मला लागो!"

"वचन दे."

त्यानं वचन दिलं.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की आरसा झाकतात. शेजारच्या पेरूझताईंनी, म्हणजे गालुस्तच्या बायकोनं, काळा कपडा माझ्यावर टाकला तो चाळिसाव्या दिवसापर्यंत. पुढचं सगळं मी त्या कपड्याआडून ऐकलं. दफनाच्या आदल्या संध्याकाळी धर्मगुरू घरी आले. शवपेटी खोलीच्या मधोमध, भोवती शेजारपाजार. धर्मगुरूंनी म्हटलं, पुढचं स्तोत्र सेद्राकनं म्हणायचं आहे. त्यानं पहिली ओळ घेतली. दुसरी. आवाज बऱ्याच वर्षांनी माहेरी आलेल्या मुलीसारखा, जरा बावरलेला, पण खरा. तिसऱ्या ओळीला सूर उंच जायचा होता.

आणि कुणीतरी फस्सकन हसलं.

हसू मोठं वाईट असतं, मित्रांनो. एकानं दाबलं तर दुसऱ्याच्या नाकातून निघतं. दारातून निघालं, खिडकीपाशी पोचलं, बायकांच्या रुमालांत शिरलं. हसता हसता रडत होते बिचारे, पण हसत होते. सेद्राक थांबला. पुढची ओळ धर्मगुरूंनीच पुरी केली.

"देवाशपथ सांगतो, मी मुद्दाम नाही हसलो," नंतर गालुस्तचा आवाज आला, रडवेला. "तुझी ती भुवई वर गेली रे! ती गेली की माझं पोट माझं राहत नाही."

"मी नाही नेली," सेद्राक म्हणाला. "आपली आपण गेली."

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो होतो. वीस वर्षं उंच सुराआधी भुवई. आता सूर उंच गेला की चेहरा त्याला विचारतच नव्हता.

आमच्याकडे म्हणतात, माणूस गेला तरी चाळीस दिवस त्याचा जीव घरात फिरतो. चाळिसाव्याला सूर्य मावळला की देवाकडे जातो. म्हणजे वचनाला चाळीस दिवस होते. दुपारी घरी कुणी नसलं की सेद्राक यायचा, कपड्याचं टोक उचलायचा आणि मला तोंड दाखवायचा. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. हलकेच तिसरी ओळ घ्यायचा. भुवई वर. बोटानं दाबून धरायचा, तर सूर फुटायचा. चिकटपट्टी लावून पाहिली. त्यात तो असा दिसू लागला की त्याचं त्यालाच हसू आलं, आणि मग तो जमिनीवर बसून हमसाहमशी रडला. मी काच. मी काय करणार? जे समोर येईल ते परत देणं, एवढंच मला येतं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी सगळे कबरीवर गेले. तिथे तो गाणार होता. परतल्यावर पेरूझताई स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, फाटकाशी परकी माणसं जमली. 'तो बघा, तो बघा!' एक जण तर म्हणतो, दोन ओळी होऊन जाऊ द्या. कबरस्तानात! सेद्राकनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि तोंड उघडलंच नाही."

जेवण मांडलं. उकडलेलं मांस, रोट्या, हिरवी पात, शिरा. अशा जेवणात आम्ही प्याल्याला प्याला लावत नाही. "देव तिच्या जिवाला उजेड देवो," एकेक जण म्हणत होता आणि प्याला मुकाट खाली ठेवत होता. कपड्याच्या विणीतून येणारा उजेड पिवळा झाला, मग तांबूस. जेवण आटोपलं की जमलेल्यांतल्या वडीलधाऱ्या बाईनं आरशावरचा कपडा काढायचा असतो.

"सेद्राक जान, काढू का रे?" पेरूझताईंनी विचारलं. त्यांची बोटं माझ्या चौकटीवर होती.

"थांबा, ताई."

खुर्ची सरकली. पावलं माझ्याकडे आली. कपड्याचं खालचं टोक उचललं गेलं, आणि मित्रांनो, सेद्राक आत आला! डोक्यावरून कपडा घेऊन, जुन्या काळचे फोटोवाले शिरायचे तसा. त्याचं नाक माझ्या काचेला टेकलं. बाहेर खुर्च्या कुरकुरल्या. भरल्या घरात एक माणूस काळ्या कपड्यात डोकं घालून भिंतीशी उभा. हसायला याहून काय हवं?

"गालुस्त," पेरूझताईंचा आवाज आला, "हसलास तर या घरातून थेट बहिणीकडे राहायला जा."

"नाही हसत गं बाई," तो म्हणाला.

सेद्राकनं पहिली ओळ घेतली. माझ्यावर धुकं धरलं. दुसरी घेतली. तिसऱ्या ओळीला सूर चढू लागला, आणि त्या अंधूक उजेडात, दोन बोटांवर, मला डावी भुवई वर जाताना दिसली. गेली ती पार वर गेली, केसांपर्यंत. पण ती बघायला माझ्यावाचून कुणी नव्हतं. आवाज तिच्या खालून स्वच्छ निघाला, उंच गेला, तिथे ठरला आणि हळूच खाली उतरला. चौथी, पाचवी, शेवटपर्यंत. बाहेर कुणीही हललं नाही. मग कुणीतरी नाक ओढलं. गालुस्त लहान पोरासारखा रडत होता.

सेद्राक बराच वेळ आतच राहिला. "ऐकलंस ना?" तो अगदी हळू म्हणाला. ते मला नव्हतं. बाहेरचा उजेड तोवर विझला होता.

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. लोकांनी मागितलं की बेसूर गायचा, भुवईसकट, कुरकूर न करता. लोक खूश व्हायचे. घरी मात्र तो पुन्हा कधी गायला नाही. ज्याच्यासाठी गायचं ते माणूस घरात नव्हतं. त्याच्या शवपेटीमागे अर्धं शहर चाललं. पण घरात त्याच्यासाठी स्तोत्र म्हणायला त्याच्या रक्ताचं कुणी नव्हतं, आणि आजोबांची ती चाल आता कुणालाच येत नाही. माझ्या काचेवर कितीही श्वास सोडा, ती परत येत नाही. आता घर भाच्याचं आहे. त्यानं मला बाहेरच्या सज्जात, तोंड भिंतीकडे करून ठेवलं आहे. माझी तक्रार नाही. डागाळलेला आरसा कुणाला हवा?

एक मात्र मागतो, मित्रांनो. तुम्हाला हसवणारा माणूस प्रत्येक घरी, प्रत्येक गल्लीत एखादा तरी असतोच. त्याच्यावर पोट धरून हसा, ते पुण्यच आहे. पण कधीतरी, तो जिवंत असताना, तो दमून बसलेला असताना, त्याच्याजवळ जा आणि विचारा की बाबा रे, तुला स्वतःला काय गायचं आहे? आणि तो गाऊ लागला की त्याच्या तोंडाकडे बघू नका. डोळे मिटून घ्या.